फूल कापणारे हात आणि गवत कापणारा विळा

बागेत शिरताना ‘फुले तोडू नका’ ही पाटी आपण सर्वांनी वाचलेली असते. शाळेच्या आवारातही ती असते आणि मुलांना ती पाळायला लावण्याचे काम आपल्याकडेच येते. निसर्गावर प्रेम करायचे म्हणजे फुलाला हात लावायचा नाही, असे एक सोपे समीकरण त्यातून मुलांच्या मनात तयार होते.

जपानमधील इकेबाना ही पुष्परचनेची कला या समीकरणात बसत नाही. तिची सुरुवातच कात्रीने होते. तरीही निसर्गाशी जवळीक हाच आपल्या कलेचा गाभा आहे, असे ही कला शिकवणारे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. हे म्हणणे कितपत खरे मानायचे? फूल कापणारा माणूस निसर्गाची काळजी घेऊ शकतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आपल्याला फुलदाणीपासून निघून डोंगरउतारावरच्या गवतापर्यंत जावे लागेल. वाटेत थोडा इतिहास लागेल, थोडे वनस्पतिशास्त्रही लागेल.

तळ्याकाठच्या कुटीतून

बुद्धमूर्तीपुढे फुले वाहण्याची प्रथा मूळची आपल्याकडची. बौद्ध धर्माबरोबर ती चीन आणि कोरियामार्गे सहाव्या शतकात जपानला पोचली. क्योतो शहरात रोक्काकुदो नावाचे सहा कोनांचे एक जुने देऊळ आहे. तेथील पुजारी तळ्याकाठी राहत, म्हणून त्यांच्या घराण्याला ‘इकेनोबो’, म्हणजे तळ्याकाठची कुटी, असे नाव पडले. देवापुढची फुले नीट मांडता मांडता या पुजाऱ्यांच्या हाती एक कला आली. सेन्केई नावाच्या इकेनोबो पुजाऱ्याने केलेली पुष्परचना पाहायला क्योतोतील रसिकांनी गर्दी केली, अशी नोंद १४६२ सालच्या एका रोजनिशीत सापडते. पुढे १५४२ च्या सुमारास याच घराण्यातील सेन्नो याने या कलेची शिकवण लिहून ठेवली. नुसती सुंदर फुले पाहून आनंद मानणे पुरेसे नाही, थोड्याशा फांद्यांमधून डोंगर, नदी, माळ असा सारा देखावा उभा राहिला पाहिजे, असा त्या शिकवणीचा रोख होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इकेबानात केवळ टवटवीत, निर्दोष फुलेच चालतात असे नाही. शेवाळ चढलेली फांदी, वाळू लागलेले पान, किडीने खाल्लेले पानसुद्धा रचनेत मानाने येते. वनस्पतीच्या जीवनक्रमातील प्रत्येक अवस्थेकडे पाहण्याची सवय या कलेने लावली.

सोळाव्या शतकात चहाच्या समारंभाला आजचे रूप देणारा सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने फुलांची मांडणी आणखी साधी केली. फूल रानात जसे असते तसेच दिसावे, असा त्याचा आग्रह असे. त्याच्याविषयीची एक आख्यायिका जपानमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच्या बागेतील आसागाओची फुले पाहायला राज्यकर्ता हिदेयोशी मोठ्या उत्सुकतेने आला. आसागाओ हा आपल्याकडे बागेत चढवतात त्या ‘मॉर्निंग ग्लोरी’चाच वेल. येऊन पाहतो तर बागेत एकही फूल नाही! रागावून तो चहाच्या खोलीत शिरला. तेथे अर्धवट अंधारात एकच फूल ठेवलेले होते.

गोष्ट कलेच्या दृष्टीने फार सुंदर आहे. पण आपण तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहू. एका फुलाची शोभा दाखवण्यासाठी बाकीची सारी फुले खुडून टाकली गेली होती! म्हणजे कमी फुले वापरणारी कला आपोआप निसर्गाला जपणारी ठरते, असे समजण्याचे कारण नाही. फुलदाणीत किती फुले आहेत एवढेच पाहून चालत नाही. बागेत आणि रानात मागे काय उरले, तेही पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानचे दरवाजे जगाला उघडले आणि आखूड देठांची पाश्चात्त्य फुले बाजारात येऊ लागली. ती जुन्या उंच पात्रांत नीट बसत ना. ओहारा उन्शिन (१८६१–१९१६) याने यासाठी पसरट, उथळ भांडे वापरायला सुरुवात केली. या शैलीला ‘मोरिबाना’ म्हणतात. तिच्यातील निसर्गदृश्याच्या प्रकारात पाणथळीतील वनस्पती पाणथळीतल्या सोबत्यांबरोबर आणि डोंगरावरच्या वनस्पती डोंगरावरच्या सोबत्यांबरोबर मांडतात, ऋतूही सांभाळतात. ज्याला आपण आज अधिवास म्हणतो, त्याचा हा जणू छोटा धडाच. पुढे १९२७ मध्ये सोगेत्सू ही नव्या वळणाची शाखा निघाली आणि १९५६ मध्ये तोक्योत ‘इकेबाना इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन झाल्यावर ही कला जगभर पसरली.

कात्री पाण्याखाली का चालवतात?

इकेबाना शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला एक क्रिया शिकवतात. तिचे नाव ‘मिझुकिरी’, म्हणजे पाण्यातले कापणे. देठ पाण्यात बुडवायचा आणि पाण्याखालीच त्याचे टोक पुन्हा छाटायचे. असे केल्याने फूल जास्त टिकते, हे कलावंतांना अनुभवाने माहीत होते. त्यामागचे कारण मात्र १८९० च्या दशकात स्पष्ट होऊ लागले. डब्लिनमधील डिक्सन आणि जोली या दोन शास्त्रज्ञांनी झाडात पाणी वर कसे चढते याची उपपत्ती त्या सुमारास मांडली.

पानांतून बाष्पोच्छ्वास होत असतो. त्यामुळे देठातील जलवाहिन्यांमधला पाण्याचा स्तंभ वरच्या बाजूला ओढला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळे तो तुटत नाही. ताणलेल्या दोरीसारखा असतो. हवेत देठ कापला की ही दोरी तुटते. पाणी आत ओढले जाते आणि त्याच्या मागोमाग हवा वाहिनीत शिरते. मग फूल पाण्यात ठेवले तरी हवेचा बुडबुडा वाट अडवून बसतो. पाण्याखाली कापले तर हवेऐवजी पाणीच आत जाते आणि स्तंभ पुन्हा अखंड होतो.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. शेवंतीच्या सारख्या उंचीच्या, पाने असलेल्या आठ-दहा काड्या घ्याव्यात. अर्धा तास त्या कोरड्याच ठेवाव्यात. नंतर निम्म्या काड्यांची टोके हवेत छाटून मिनिटभराने पाण्यात ठेवाव्यात आणि निम्म्यांची टोके पाण्याखाली छाटून, ती बाहेर न काढता तशीच राहू द्यावीत. दुसऱ्या दिवसापासून माना कोणाच्या आधी पडतात, याची मुलांनी नोंद ठेवावी. एकाच जोडीवरून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक काडी थोडी वेगळी असते, हे शिकणे हाही प्रयोगाचाच भाग आहे.

यात काळजीचाही एक मुद्दा आहे. कापलेली काडी दुप्पट दिवस टिकली, तर तेवढ्याच दिवसांसाठी निम्म्या काड्या पुरतात.

शरदाची सात फुले

आता फुलदाणीतून रानाकडे वळू. आठव्या शतकात जपानी कवितांचा ‘मान्योशू’ हा मोठा संग्रह तयार झाला. त्यात यामानोउए नो ओकुरा या कवीने शरद ऋतूतल्या सात रानफुलांची नावे गुंफली आहेत. तेव्हापासून ही सात फुले म्हणजे जपानी शरदाची ओळखच बनली. पुष्परचनाकारांचा तर तो हक्काचा साठा.

ती सात अशी: गुलाबी-जांभळ्या फुलांचे शेंगावर्गीय झुडूप हागी, आपल्या काशासारखे रुपेरी तुरे काढणारे सुसुकी गवत, कुझू हा जोमदार वेल, झालरीसारख्या पाकळ्यांची नादेशिको, बारीक पिवळ्या फुलांची ओमिनाएशी, फिकट जांभळ्या गुच्छांची फुजिबाकामा, आणि शेवटचे ‘आसागाओ’. हे नाव पाहून रिक्यूच्या गोष्टीतला वेल आठवेल; पण कवीच्या काळी ते दुसऱ्याच एखाद्या फुलाचे असावे. ते फूल म्हणजे किक्यो, असे बरेच अभ्यासक मानतात. किक्योची कळी हवा भरलेल्या फुग्यासारखी असते आणि उमलल्यावर तिचा निळा-जांभळा तारा होतो.

या सातांतली दोन फुले आज अडचणीत आहेत. जपानच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत किक्यो ‘असुरक्षित’ गटात आहे आणि फुजिबाकामा ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ असलेल्या गटात. बागेत आणि फुलवाल्याकडे किक्यो भरपूर मिळते. रानात मात्र ती शोधावी लागते. बाराशे वर्षे लोकांच्या ओठांवर असलेले फूल रानातून का नाहीसे व्हावे?

पहिला संशय अर्थातच फुले तोडणाऱ्यांवर जातो आणि तो अगदीच निराधार नाही. बागेत लावण्यासाठी, विकण्यासाठी रानातली रोपे मुळासकट उपटून नेल्याने किक्योचे नुकसान झाले आहे. पण फूल कापणे आणि रोप उपटणे यांत मोठा फरक आहे. किक्यो बहुवर्षायू आहे. तिचे जाड मूळ जमिनीत राहते. फुलाचा दांडा कापला तर त्या वर्षीचे बी जाते, परंतु पाने शिल्लक असली तर पुढच्या वर्षी त्याच मुळातून नवा कोंब येतो. जपानमध्ये ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पितरांचा सण येतो. त्यासाठी किक्यो, ओमिनाएशी, नादेशिको अशी फुले गवताळ रानातून आणण्याची प्रथा खेडोपाडी शतकानुशतके चालू होती. त्यांना ‘बोनबाना’, म्हणजे ओबोनची फुले, म्हणत. इतकी वर्षे कापूनही ती संपली नव्हती. ती झपाट्याने घटली ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत. मग या काळात बदलले काय?

विळा थांबला तेव्हा

जपानच्या बहुतेक भागात भरपूर पाऊस पडतो. अशा हवामानात उघडी जमीन तशीच सोडली तर आधी उंच गवत, मग झुडपे, मग पाइनसारखी उन्हाची झाडे आणि शेवटी दाट जंगल, असे अनुक्रमण होत जाते. म्हणजे जपानमधील बहुतेक कुरणे आपोआप टिकलेली नव्हती. ती माणसाने टिकवलेली होती.

जुन्या खेड्याला गवत पदोपदी लागे. घरे सुसुकीसारख्या गवताने शाकारलेली असत. बैल आणि घोडे याच गवतावर पोसले जात. कोवळे गवत आणि डहाळ्या कापून भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून तुडवत. त्यासाठी गावोगावी सामाईक कुरणे असत. ठरलेल्या दिवशी विळे घेऊन माणसे तेथे जात आणि वसंताच्या तोंडावर वाळलेले गवत पेटवून देत. कापण्याने आणि जाळण्याने उंच गवताची सावली हटे. मग किक्योसारख्या बुटक्या, उन्हाच्या वनस्पतींच्या रोपांना जमिनीलगत प्रकाश मिळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चक्र थांबले. गवताच्या छपरांच्या जागी कौले आणि पत्रे आले. बैलांची जागा यंत्रांनी घेतली, हिरवळीच्या खताची जागा रासायनिक खताने. कुरणाचा उपयोग संपला. काही ठिकाणी तेथे सुगी आणि हिनोकी या इमारती लाकडाच्या झाडांची लागवड झाली, तर काही ठिकाणी कोणी फिरकलेच नाही आणि जंगल आत शिरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या एक दशांशाहून अधिक भूमीवर गवताळ राने होती. आता ती सुमारे एक टक्का उरली आहेत. फुजिबाकामाचे घर नदीकाठच्या ओलसर गवतात; तेथे बांध आणि काँक्रीट आले.

थोडक्यात सांगायचे तर किक्योवरचे मोठे संकट फूल कापणाऱ्या कात्रीचे नव्हते. गवत कापणारा विळा थांबला, हे ते संकट होते. आपल्या पाटीवर ‘फुले तोडू नका’ एवढेच लिहिलेले असते. किक्योच्या रानात ती पाटी लावून, कुंपण घालून माणसांना बाहेर ठेवले, तर काही वर्षांत आत किक्यो उरणार नाही.

याच सात फुलांपैकी कुझूची कथा अगदी उलटी आहे. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हा वेल अमेरिकेत शोभेसाठी दाखवला गेला. १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्यासाठी तेथील सरकारने त्याची कोट्यवधी रोपे वाटली. आज दक्षिण अमेरिकी राज्यांत तो झाडांवर, खांबांवर, ओस घरांवर चढून सारे झाकून टाकतो. उलट दिशेनेही हेच घडले. शोभेसाठी जपानमध्ये आणलेले उत्तर अमेरिकेतील गोल्डनरॉड पडीक जमिनीवर पसरले आणि सुसुकीची जागा घेऊ लागले. लान्सपानी कोरिऑप्सिस हे पिवळे देखणे फूलही असेच आले. त्याने नदीकाठ इतके व्यापले की २००६ मध्ये ते लावणे, विकणे, त्याची जिवंत रोपे वाहून नेणे यांवर कायद्याने बंदी आली. फूल सुंदर असणे आणि ते त्या जागी असणे योग्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आसोची आग

क्यूशू बेटावर आसो ज्वालामुखीच्या भोवती सुमारे २२,००० हेक्टर गवताळ प्रदेश अजून टिकून आहे. जपानमधील हा सर्वांत मोठा. त्याचे रहस्य दर वसंतात लावल्या जाणाऱ्या आगीत आहे. या आगीला ‘नोयाकी’ म्हणतात. काळे पडलेले डोंगर पाहून नवख्या माणसाला वणवा लागून गेल्यासारखे वाटते. पण महिना-दीड महिन्यात तेच उतार हिरवेगार होतात. वाळलेले गवत भराभर जळून जाते. माती उष्णतेची मंद वाहक असल्याने काही सेंटिमीटर खाली फारशी धग पोचत नाही. तेथे मुळे आणि कोंब सुरक्षित असतात. झुडपांचे शेंडे मात्र उघड्यावर असल्याने जळतात.

ही आग हाताबाहेर जाऊ नये म्हणून आधीच्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून जंगलाच्या कडेने गवत कापून शेकडो किलोमीटर जाळरेषा काढाव्या लागतात. तीव्र उतारावरचे हे काम कष्टाचे आणि धोक्याचेही आहे. गावातील माणसे म्हातारी होत चालली, तरुण शहरात गेले, गुरे कमी झाली. काही गावांनी आग लावणे सोडून दिले. तेव्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहरातील स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन या कामावर आणायला सुरुवात झाली. त्यांच्यामुळे अनेक कुरणे वाचली आहेत. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आसोच्या या व्यवस्थेला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

फुजिबाकामासाठी क्योतोतील नागरिकही पुढे आले. तेथील नागरिकांनी स्थानिक रानटी रोपांपासून कलमे वाढवून ती कुंड्यांतून घराघरांत, देवळांत आणि शाळांत पोचवली. स्थानिक रोपांचा आग्रह यासाठी की बाजारात फुजिबाकामा म्हणून मिळणारी बरीच रोपे संकरित असतात. या फुलांवर शरदात आसागिमादारा नावाची फुलपाखरे जमतात. शेकडो किलोमीटर स्थलांतर करणाऱ्या या फुलपाखरांचे नर फुलातील विशिष्ट अल्कलॉइड मिळवायला येतात, कारण मादीला आकर्षून घेणारा गंध त्यांना त्यापासून तयार करायचा असतो. सह्याद्रीत खुळखुळ्याच्या झुडपांवर गर्दी करणारी ‘ब्लू टायगर’ फुलपाखरे याच कुळातली आणि तीही याच कामासाठी येतात.

फुलदाणीतला हिरवा स्पंज

रानाप्रमाणे फुलदाणीकडेही पाहायला हवे. आपल्याकडे समारंभातल्या पुष्परचनांत तळाशी एक हिरवा स्पंज असतो. १९५४ मध्ये अमेरिकेत निघालेला हा फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइड जातीच्या प्लास्टिकचा असतो. दाबला की त्याचा भुगा होतो आणि तो कुजत नाही. या भुग्याचे कण गोड्या आणि खाऱ्या पाण्यातील प्राणी खातात आणि त्यांतून विषारी द्रव्ये पाण्यात उतरतात, असे ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ च्या सुमारास दाखवून दिले. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत हा फोम बंद केला.

मोरिबाना शैलीबरोबर रूढ झालेला ‘केनझान’ येथे उपयोगी पडतो. केनझान म्हणजे तलवारींचा डोंगर. जड धातूच्या बैठकीवर पितळी सुयांची दाट रांग; त्यावर देठ रोवायचा. एकदा घेतलेला केनझान जन्मभर पुरतो. त्याची बैठक बहुधा शिशाची असते, म्हणून तो हाताळल्यावर हात धुवावेत आणि त्यातले पाणी पिण्याच्या वा स्वयंपाकाच्या भांड्यात जाऊ देऊ नये.

मग काळजी कशी घ्यायची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. फूल कापणारा माणूस निसर्गाची काळजी घेऊ शकतो. पण केवळ कापण्याने नव्हे आणि केवळ न कापण्यानेही नव्हे. इकेबानाच्या अभ्यासकाला फुलाचा ऋतू, त्याची जागा, त्याचे सोबती ठाऊक असतात. किक्यो आपल्या गावाच्या उतारावर या वर्षी आधीपेक्षा कमी दिसली, हे त्याच्या लक्षात इतरांच्या आधी येऊ शकते. दुर्मिळ फूल रानातून न आणता बागेत वाढवलेले घेणे, रोप मुळासकट न उपटणे, रानात सुटणारी परदेशी फुले बियांसकट कचऱ्यात न टाकणे, फोमऐवजी केनझान वापरणे, ही त्याची घरातली कामे झाली. खरे मोठे काम मात्र घराबाहेर आहे. वर्षातला एखादा दिवस कात्री घरी ठेवून, विळा घेऊन कुरणाच्या जाळरेषेवर जाण्याचे. आम्हाला वाटते की सेन्नोने फांद्यांतून जो डोंगर आणि जो माळ उभा करायला सांगितले, तो माळ राखणे हाही त्याच शिकवणीचा भाग ठरतो.

आपल्या शाळेच्या बागेतली पाटी काढून टाकावी, असे आम्ही म्हणत नाही. तिचा तेथे उपयोग आहे. पण तिच्यापुढे उभे राहून मुलांना आणखी एक प्रश्न विचारता येईल: हे फूल येथे कशामुळे आहे, आणि ते राहावे म्हणून दरवर्षी येथे कोण काय करते? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. बहुतेक वेळा ते फुलापाशी सापडत नाही. ते माळ्याच्या विळ्यापाशी सापडते.